सबवूफरची जागा कानांनी ठरवा

होम थिएटरला वेगळा सबवूफर, म्हणजे फक्त बास (खोल, जाड आवाज) वाजवणारा स्पीकर, जोडला की बहुतेक जण तो सरळ कोपऱ्यात सरकवतात. तिथे बास वाढतो खरा, पण अनेकदा घुमतो. त्यापेक्षा सबवूफर तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, भरपूर बास असलेलं ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत, कान जमिनीजवळ ठेवून ऐका. जिथे प्रत्येक ठोका सुटा आणि स्वच्छ ऐकू येतो, तीच सबवूफरची जागा. बासच्या लहरी भिंतींवरून परतून खोलीत कुठे वाढतात, तर कुठे एकमेकींना मारतात. सबवूफर आणि कान यांच्या जागांची अदलाबदल केली तरी हे गणित तेच राहतं. महागड्या सबवूफरपेक्षाही याने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

केबल रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणारा मुख्य डबा) ‘सब आउट’मधून सबवूफरच्या ‘एलएफई’ म्हणजे बाससाठीच्या इनपुटला द्या. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, ८० हर्ट्झवर ठेवा. स्पीकर अगदी छोटे असतील तर १०० ते १२०. सबवूफरवरचा क्रॉसओव्हर मात्र कमाल ठेवा, नाहीतर आवाज दोनदा गाळला जातो. मग सबवूफरवरचा फेज (त्याच्या लहरींचा बाकी स्पीकरशी ताळमेळ) ० आणि १८० अंशांवर बदलून पाहा. बसल्या जागी बास जास्त भरीव वाटेल, तो पर्याय कायम करा.