बाइकचा इन्शुरन्स: कोट स्वस्त दिसतोय, पण नक्की कशामुळे?

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, थर्ड पार्टीचा (टीपी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई करणारा भाग) रेट कुठल्याही कंपनीत गेलात तरी एकच असतो. तो सरकार ठरवतं, कंपनीच्या हातात काही नाही. त्यामुळे एखादा एजंट "आमच्याकडे टीपी स्वस्तात बसते" म्हणाला तर त्याच्या बाकीच्या बोलण्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. जून २०२२ ला ठरलेले वर्षाचे दर असे आहेत, ७५ सीसीपर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सीसी ७१४, १५० ते ३५० सीसी १३६६ आणि ३५० च्या वर २८०४, आणि यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे स्प्लेंडर असो नाहीतर शाइन, ८४३ रुपये, सरकारी कंपनीतून घ्या की मोबाइलवरून. क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे म्हणून ती काठावर १३६६ मधे बसते, ६५० वाल्यांची मात्र सुटका नाही. इलेक्ट्रिकला मोटरच्या पॉवरवर बघतात, ३ किलोवॉटपर्यंत ४५७ आणि ३ ते ७ किलोवॉट ६०७.

मग दोन कोटमधे चारपाचशेचा फरक कुठून येतो? ओडी म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग, त्यावरची आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, ॲड-ऑन म्हणजे वरून घ्यायची जादा कव्हर, आणि पीए म्हणजे मालकाचा अपघात विमा. घासाघीस करायची ती इथे. शेवटचा आकडा बघून पैसे भरू नका, प्रीमियमचा ब्रेकअप उघडा आणि एकेक लाइन वाचा, दोन मिनिटांचं काम आहे.

नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी जरा वेगळं आहे. सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांची टीपी एकदम घ्यावी लागते, १५० सीसीपर्यंत ३८५१ आणि ३५० सीसीपर्यंत ७३६५, म्हणून शोरूमच्या ऑन-रोड किमतीत इन्शुरन्सचा आकडा एवढा फुगलेला दिसतो. ओडी मात्र बहुतेक वेळा एकाच वर्षाची असते. एक वर्षाने रिन्यू करताना तुम्हाला फक्त स्टँडअलोन ओडी लागते, टीपी अजून चार वर्षं चालूच आहे. पण बरेच जण सवयीने "फुल इन्शुरन्स द्या" म्हणतात आणि समोरच्याने जुनी पॉलिसी बघितली नाही की टीपीचे पैसे दोनदा जातात. आणि शोरूमवाला देईल तीच पॉलिसी घ्यायची असंही काही नाही, बाहेरचा कोट दाखवलात तर बऱ्याचदा तोच खाली येतो.

आता आयडीव्ही, सगळी गंमत यातच आहे. गाडी चोरीला गेली किंवा पार चेंदामेंदा झाली तर जास्तीत जास्त जे पैसे मिळतात ती आयडीव्ही. एक्स-शोरूम किमतीतून घसारा काढून ती ठरते, सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. त्याच्यापुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायची. समजा ९०,००० ची बाइक, दोन वर्षं उलटून गेलीत, म्हणजे आयडीव्ही ६३,००० च्या आसपास पाहिजे. एक कोट आला ५२० रुपयांचा आणि दुसरा ६९० चा. पहिला स्वस्त वाटतो ना, पण आत बघितलं तर आयडीव्ही ४४,००० करून ठेवलेली. १७० रुपये वाचवले आणि गाडी चोरीला गेली तर १९,००० कमी मिळणार. म्हणून आधी सगळ्या कोटमधे आयडीव्हीचा स्लायडर एकाच आकड्यावर आणायचा आणि मगच किंमत बघायची, नाहीतर तुलनेला काही अर्थच नाही. उगाच जास्त लावण्यातही फायदा नाही, प्रीमियम वाढतो आणि किरकोळ क्लेममधे त्याचा उपयोग शून्य. रिपेअरचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, हेही माहीत असू द्या.

झिरो डेप, म्हणजे क्लेममधे पार्टवर घसारा न कापणारं ॲड-ऑन, ज्याला गॅरेजवाले बंपर टू बंपर म्हणतात, ते प्रत्येकाला लागतंच असं नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, फायबरचे ३० टक्के कापतात, आणि लोखंडी पार्टवर वयाप्रमाणे कपात असते, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला १५ टक्के. समजा पार्टचं बिल १२,००० झालं, त्यात ८,००० चं प्लास्टिक आणि ४,००० चं मेटल. प्लास्टिकचे ४,००० मिळाले, मेटलचे ३,४००, त्यातून १०० रुपये कंपल्सरी डिडक्टिबल (क्लेममधला आपणच सोसायचा वाटा) गेले की हातात ७,३००, म्हणजे ४,७०० खिशातून. फेअरिंगवाली बाइक असेल, नवीन असेल, किंवा तुम्ही नुकतेच शिकत असाल तर झिरो डेप घ्याच. साध्या कम्युटर बाइकला तीन वर्षांनंतर मी तरी घेणार नाही. आणि घेताना वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचा, बऱ्याच ठिकाणी दोनच असतात.

इंजिन प्रोटेक्ट या ॲड-ऑनचं म्हणाल तर तुम्ही राहता कुठे यावर आहे. पुरात गाडी बुडाली तर ते कॉम्प्रिहेन्सिव्हमधे, म्हणजे टीपी आणि ओडी दोन्ही असलेल्या पॉलिसीत, धरलेलं असतं, पण बुडालेली गाडी तुम्ही स्टार्ट केली आणि पाणी आत ओढलं जाऊन इंजिन जाम झालं तर कंपनी हात वर करते, कारण ते पुराने नाही तर तुमच्या सेल्फ मारण्याने झालं असं तिचं म्हणणं. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर, चिपळूणचा २०२१ चा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नदीकाठी किंवा बेसमेंट पार्किंग असेल तर घ्या. आणि ॲड-ऑन असो नसो, पाण्यात बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही, ढकलत न्यायची किंवा टो करायची.

नो क्लेम बोनसबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. क्लेम न घेतलेल्या वर्षांवर २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी सूट वाढत जाते आणि एक क्लेम घेतला की परत शून्य, हे बरोबर. पण ही सूट फक्त ओडीवर असते, टीपीवर नाही, आणि बाइकची ओडी असते किती? कारवाल्यांचा सल्ला बाइकला लावून लोक पाच-सहा हजारांचा क्लेमसुद्धा सोडून देतात. हिशोब करून बघा, सध्या २५ टक्क्यांवर आहात आणि यंदा क्लेम घेतला, तर पुढच्या वर्षी ३५ च्या जागी ०, मग ४५ च्या जागी २०, मग ५० च्या जागी २५, ३५, ४५ असं करत सगळं मिळून नुकसान साधारण एका वर्षाच्या ओडीएवढं, तेही सूट धरायच्या आधीच्या. ती ओडी ९०० असेल तर फार तर ९५० रुपये आणि वर जीएसटी. म्हणजे आरसा फुटला, लिव्हर वाकली एवढ्यासाठी क्लेम नको, पण हातात तीन हजार येणार असतील तर बिनधास्त घ्या. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, जुनी विकून नवी घेताना तो सोबत न्या. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र गेला.

पीए कव्हर म्हणजे १५ लाखांचा अपघात विमा, तो कंपल्सरी आहे, पण कोणासाठी ते नीट बघा. आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याच्यासाठीच. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा हे घरोघरी असतं, तिथे मुलाला काही झालं तर या पीएमधून काही मिळत नाही, त्याच्यासाठी वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी घ्या. उलट एकाच माणसाच्या नावावर दोन-तीन गाड्या असतील तर पीए एकदाच पुरतो, दुसऱ्या गाडीच्या वेळी तिथली टिक काढा आणि पैसे वाचवा.

आता जुन्या गाड्या. दहा-बारा वर्षांची स्प्लेंडर, विकायला गेलात तर पंधरा हजार येतील, तिला फक्त टीपी पुरे असं सगळेच सांगतात आणि गाडीपुरतं ते खरंही आहे. पण मागे बसणाऱ्याचं काय? फक्त टीपी असेल तर फुकट बसलेला पिलियन हा थर्ड पार्टी धरला जात नाही, सुप्रीम कोर्टाचा २००८ चा निकाल आहे तसा. कॉम्प्रिहेन्सिव्हमधे तो येतो. रोज बायकोला ऑफिसला सोडत असाल, पोरांना शाळेत नेत असाल तर गाडीची किंमत बघू नका, वरचे थोडे पैसे भरा आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्या, एवढ्या जुन्या गाडीची ओडी तशीही किरकोळच असते. टीपीमधे समोरच्या माणसाच्या मृत्यूला किंवा इजेला रकमेची मर्यादा नाही, पण समोरच्याच्या मालमत्तेचं नुकसान टू-व्हीलरला १ लाखापर्यंतच.

डिलिव्हरीची कामं करणाऱ्यांनी हे वाचाच. प्रायव्हेट गाडीच्या पॉलिसीत भाड्याने किंवा धंद्यासाठी वापर बसत नाही आणि पार्सलची बॅग घेऊन पडलात तर सर्व्हेयर पहिला प्रश्न तोच विचारतो. कंपनीला आधी विचारा, लेखी विचारा. तसंच क्रॅश गार्ड, टॉप बॉक्स, फॉग लाइट हे नंतर बसवलेलं सामान आयडीव्हीत धरलेलं नसतं, पॉलिसीत वेगळं लिहून घ्यावं लागतं.

सेकंडहँड घेताना आरसी ट्रान्सफर झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. टीपी आपोआप तुमच्याकडे येते, ओडी येत नाही, १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं. नाहीतर ठोकल्यावर कंपनी म्हणणार गाडी तुमची आणि पॉलिसी दुसऱ्याची.

पैसे भरले की पीडीएफमधे चॅसी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, आणि दोन-चार दिवसांनी एमपरिवहन या सरकारी ॲपवर पॉलिसी दिसतेय का तेही बघा, कारण मामांच्या मशीनमधे तेच दिसतं. विमा नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि दुसऱ्यांदा ४,००० दंड आहे, कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही लिहिलीय. चोरी झाली तर लगेच एफआयआर, त्याच दिवशी कंपनीला फोन, आणि दोन्ही चाव्या जपून ठेवा, कंपनी दोन्ही मागते. क्लेम अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.