‘रन’चा अर्थ कसा ओळखायचा: चार प्रश्नांची रीत

शाळेत ‘रन’ म्हणजे धावणे एवढं पाठ केलेलं असतं आणि पुढे तेच नडतं. इंग्रजीत नळ रन होतो, नाक रन होतं, करार तीन वर्षं रन होतो, कपड्याचा रंग रन होतो. यातलं कोणीच धावत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद ‘सेट’ची होती, जवळपास ६०,००० शब्दांची. सुधारित आवृत्तीचं काम सुरू झालं तसा तो मान २००० मध्ये ‘मेक’ला, २००७ मध्ये ‘पुट’ला आणि २०११ मध्ये ‘रन’ला मिळाला. पण ६४५ अर्थ पाठ करत बसू नका. शब्दाचं मूळ नीट समजून घेतलं आणि वाक्याला चार प्रश्न विचारले की बहुतेक ठिकाणी अर्थ हाती लागतो.

आधी मूळ. हा शब्द जुन्या जर्मानिक भाषांतून आलेला. आजच्या जर्मनमध्ये त्याची दोन भावंडं आहेत: ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे ओघळणे, वाहणे. हे वाहणं लक्षात ठेवा. ‘रन’च्या पोटात ‘एका ओघात, न थांबता पुढे जात राहणं’ ही कल्पना आहे आणि पायाने धावणं हा तिचा फक्त एक प्रकार. मराठीत हा ओघ सांभाळायला ‘चालणे’ आहे. दुकान चालतं, खटला चालतो, मिक्सर चालतो, सिनेमा चालतो, कुणाच्या तरी पगारावर घर चालतं. म्हणून ‘रन’ दिसला की पहिल्यांदा ‘चालणे’ किंवा ‘चालवणे’ घालून बघा, ते बसलं नाही तर ‘वाहणे’, आणि त्यानंतर ‘धावणे’. शाळेतला क्रम नेमका उलटा असतो.

पहिला प्रश्न: रन होणारं आहे कोण?

माणूस किंवा जनावर असेल तर धावणं किंवा पळणं. इथेही फरक आहे. शर्यतीत धावतात, भीतीने, चोरी करून किंवा घर सोडून जातात तेव्हा पळतात. ‘ऑन द रन’ म्हणजे फरार. यंत्र असेल तर ते चालू असतं. आगगाडीला मात्र मराठीनेही ‘धावणे’ स्वीकारलं आहे, लोकल उशिराने धावतात. रस्ता, कुंपण, भेग अशी लांब रेघ असेल तर ‘जातो’: राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलहून कन्याकुमारीपर्यंत जातो. नदी वाहते. करार, रजा, वर्ग यांना मुदत असते, तिथे ‘आहे’ किंवा ‘चालेल’ पुरतं: करार तीन वर्षांचा आहे. आजार किंवा गुण ‘रन्स इन द फॅमिली’ असेल तर मधुमेह ‘घराण्यात आहे’ म्हणायचं आणि गाणं ‘रक्तातच आहे’. कपड्यावरच्या पट्टीवर ‘कलर्स मे रन’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ रंग जातो, म्हणून तो कपडा वेगळा धुवायचा.

द्रव पदार्थांपाशी जरा थांबायला हवं, कारण तिथल्या चुकीची किंमत मोठी असते. भाजल्यावरच्या प्रथमोपचाराची इंग्रजी सूचना अशी असते: ‘कूल द बर्न अंडर कूल रनिंग वॉटर फॉर ट्वेंटी मिनिट्स.’ त्याचं ‘वाहत्या थंड पाण्यात २० मिनिटे ठेवा’ असं मराठी केलं तर दोन घोटाळे होतात. ‘वाहतं पाणी’ म्हटलं की आपल्याला ओढा किंवा नदी दिसते. आणि ‘थंड पाणी’ म्हटलं की घरातलं माणूस फ्रिज उघडतं. बर्फ किंवा बर्फाचं पाणी तर भाजलेल्या जागी लावायचंच नसतं. अचूक मराठी असं होईल: ‘भाजलेला भाग नळाच्या साध्या गार पाण्याच्या धारेखाली २० मिनिटं धरा.’ ‘रनिंग’चा अर्थ इथे ‘धार’ या नामात गेला आणि क्रियापद ‘धरणे’ आलं. ‘नो रनिंग वॉटर इन द हाउस’ या वाक्यात तोच शब्द पुन्हा वेगळा होतो: घरात नळाचं पाणी नाही, बाहेरून भरून आणावं लागतं. नाक ‘रन’ होतं तेव्हा ते वाहतं किंवा गळतं. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब.

दुसरा प्रश्न: पुढे कर्म आहे का?

कर्म आलं की ‘चालणे’चं ‘चालवणे’ होतं: खानावळ चालवणे, संस्था चालवणे. पण कर्मानुसार मराठीला क्रियापद बदलावं लागतं आणि इथेच शब्दकोश अपुरा पडतो. टेस्ट ‘रन’ करतात तेव्हा आपण तपासणी करतो. रिस्क असेल तर धोका पत्करतो. रेड लाइट असेल तर सिग्नल तोडतो. बातमी किंवा जाहिरात असेल तर छापतो किंवा दाखवतो. बाथ असेल तर टबात पाणी सोडतो. एरंड्स म्हणजे बाहेरची बारीकसारीक कामं, ती आपण करून येतो. फीव्हर असेल तर अंगात ताप आहे. हात, कंगवा, नजर यांना ‘फिरवणे’. इलेक्ट्रिशियन वायर ‘रन’ करतो त्याला आपल्याकडे सरळ ‘वायर ओढणे’ म्हणतात. ‘आय विल रन यू होम’ हे ऐकून गोंधळू नका. बोलणारा तुम्हाला गाडीने घरी सोडायला तयार आहे.

एक छुपी जागा: ‘स्टेट-रन’, ‘फॅमिली-रन’. इथला ‘रन’ हे कर्मणी धातुसाधित आहे, ‘चालवलेलं’ या अर्थाचं. ‘स्टेट-रन स्कूल’ म्हणजे सरकारी शाळा, ‘फॅमिली-रन हॉटेल’ म्हणजे एका कुटुंबाचं हॉटेल. गफलत होते ती रूपांमुळे: रन, रॅन, रन, पहिलं आणि तिसरं रूप एकच. ‘हॅज’, ‘हॅव’ किंवा ‘बीन’ आधी असेल, नाहीतर जोडरेघ मागे असेल, तर ते तिसरं रूप समजा.

तिसरा प्रश्न: ‘रन’च्या पुढे कोणता छोटा शब्द चिकटला आहे?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, कारण वाचताना तो छोटा शब्द डोळ्यांआड जातो. ‘रन आउट’ एकटं क्रिकेटमध्ये आलं तर धावबाद, क्रिकेटच्या नियमांतला ३८ वा नियम. त्याच्यापुढे ‘ऑफ’ लागला की अर्थ ‘संपणे’ होतो आणि मराठीत वाक्याची रचनाच उलटते. इंग्रजीत ‘वी रॅन आउट ऑफ गॅस’, म्हणजे कर्ता आपण. मराठीत गॅस कर्ता होतो: ‘गॅस संपला.’ ‘आम्ही गॅसमधून संपलो’ असं कोणी लिहिणार नाही, पण ‘आमच्याकडील गॅस संपुष्टात आला’ असली अवघड वाक्यं अनुवादात सर्रास दिसतात. ती इंग्रजीतल्या ‘वी’ला कसंही करून वाक्यात ठेवण्याच्या हट्टातून येतात. पुढे ‘ऑन’ आणि माणूस असेल (‘ही रॅन आउट ऑन हर’) तर तो तिला सोडून गेला.

‘इन्टू’च्या पुढे माणूस असेल तर गाठ पडली, खांब असेल तर गाडी आदळली, अडचण असेल तर अडचण आली, आकडा असेल तर खर्च लाखांत गेला. ‘ओव्हर’चंही तसंच: कुत्रा गाडीखाली आला, मीटिंग लांबली, टिपणांवरून नजर फिरवली. ‘डाउन’ बॅटरीला लागला की बॅटरी उतरली, माणसाला लागला की तो थकला, अशक्त झाला, इमारतीला लागला की ती मोडकळीला आली. एखाद्याला ‘रन डाउन’ करणं म्हणजे त्याला नावं ठेवणं. वाक्यात गाडी असेल तर मात्र धडक देऊन पाडणं.

‘अप’ला मराठीत फार सुंदर जोड आहे: ‘रन अप अ बिल’ म्हणजे उधारी चढणे. ‘इन द रन-अप टू द इलेक्शन’ म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर; याच्या जवळ जाणारा दुसरा वाक्प्रचार नाही. बोलरचा रनअप मात्र मराठीत रनअपच राहू द्या, मैदानावर दुसरं कोणी काही म्हणत नाही. ‘रन इट बाय मी’ म्हणजे ते माझ्या कानावर घाला, एकदा दाखवा. ‘रन-ऑफ’ शेतीच्या पुस्तकात आला तर जमिनीवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी, ज्याला जलसंधारणात ‘अपधाव’ म्हणतात, आणि परदेशी निवडणुकीच्या बातमीत आला तर निर्णायक दुसरी फेरी.

चौथा प्रश्न: विषय कोणता चालला आहे?

नाम म्हणून ‘रन’ आला की हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारा. क्रिकेटमध्ये धाव. छापखान्यात ‘प्रिंट रन’ म्हणजे एका खेपेला छापलेल्या प्रती. रंगभूमीवर नाटक किती काळ चाललं ते. ‘ट्रायल रन’ आणि ‘ड्राय रन’ म्हणजे चाचणी. ‘लाँग रन’मध्ये लांब अंतर नसतं, दीर्घ काळ असतो. ‘थ्री डेज रनिंग’ म्हणजे सलग तीन दिवस. बँकेवर ‘रन’ येतो तेव्हा सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला धाव घेतात. ९ मार्च २०२३ या एका दिवशी अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ४२ अब्ज डॉलर काढायचे आदेश आले आणि दुसऱ्या दिवशी बँक बंद झाली. मराठीत ‘ठेवीदारांची झुंबड’ म्हणा. नुसतं ‘बँकेवर धाव’ म्हटलं तर वाचक दरोडा समजेल.

निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश उमेदवार ‘स्टँड’ करतो. आपण निवडणुकीला उभे राहतो किंवा निवडणूक लढवतो. म्हणून ‘रनिंग फॉर प्रेसिडेंट’चं ‘राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत धावत आहेत’ करायची काहीच गरज नाही. संगणकावर प्रोग्रॅम ‘रन’ करतात तिथे ‘चालवा’ सहज वाचता येतं, पण शिकवणीत आणि कामाच्या ठिकाणी ‘रन करा’ इतकं रुळलं आहे की तेच ठेवलेलं बरं.

चारही प्रश्न एका वाक्याला लावून बघा: ‘द बस रन्स एव्हरी टेन मिनिट्स, बट इट इज रनिंग लेट बिकॉज द ड्रायव्हर रॅन इन्टू अ रॅली.’ पहिल्या ‘रन’चा कर्ता बस, सोबत वेळापत्रक: बस दर दहा मिनिटांनी असते. दुसऱ्याला ‘लेट’ जोडलेला: आज तिला उशीर होतोय. तिसऱ्याला ‘इन्टू’, पुढे मोर्चा: बस मोर्चात अडकली. ‘आदळली’ कधी घ्यायचं? पुढे ‘डॅमेज’, ‘इंजर्ड’ असे शब्द असतील तेव्हा. नसतील तर अडकली. म्हणून ‘इन्टू’ दिसला की पुढचं एक वाक्य वाचल्याशिवाय मराठी लिहू नका. तीन ‘रन’ आले आणि मराठीत धावणं एकदाही आलं नाही.

अनुवाद झाला की इंग्रजी झाका, मराठी मोठ्याने वाचा आणि कुठे अडखळता ते बघा. मग निवडलेलं मराठी क्रियापद मराठी-इंग्रजी कोशात उलट शोधा. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतो. भाषा जुनी आहे, पण एका मराठी क्रियापदाची किती अंगं आहेत हे तिथे कळतं, आणि नेमकं हेच इंग्रजी-मराठी छोट्या कोशांत सापडत नाही.

‘रनिंग’ मराठीत शिरून इथलाच झाला, अशीही काही ठिकाणं आहेत. बांधकामात ‘आर. ए. बिल’ म्हणजे रनिंग अकाउंट बिल, काम चालू असताना टप्प्याटप्प्याने दिलं जाणारं. आणि ‘रनिंग फूट’, ज्यात लोकांचे पैसे जातात. रनिंग फूट म्हणजे फक्त लांबी, रुंदी धरायचीच नाही. स्वयंपाकघराचा ओटा १२ फूट लांब आणि २ फूट रुंद असेल तर तो १२ रनिंग फूट आणि २४ चौरस फूट. समजा ग्रॅनाइटचा दर २५० रुपये चौरस फूट आहे, तर ६,००० रुपये होतात. तोच दर रनिंग फुटाच्या हिशोबाने सांगायचा तर ५०० रुपये. म्हणून दर ऐकला की ‘रनिंग की चौरस?’ आणि ‘रुंदी किती धरली?’ हे दोन्ही लगेच विचारा. एल आकाराच्या ओट्यात आणखी एक खाच असते. दोन भिंती ८ आणि ६ फुटांच्या असतील तर टेप लावून १४ रनिंग फूट मोजले जातात, पण कोपऱ्यातला २ बाय २ चा चौकोन त्यात दोनदा आलेला असतो. खरं क्षेत्रफळ २४ चौरस फूट आहे, म्हणजे १२ रनिंग फूट. मोजमाप कोपऱ्यातून एकदाच धरायचं ठरवून घ्या आणि कोटेशनवर तसं लिहून घ्या.