आफ्रिकेतील पुरुषत्वाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी

पुरुषत्वाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुधा सर्वप्रथम ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल यांचा वर्चस्ववादी पुरुषत्वाचा सिद्धांत पडतो; म्हणजे समाजात एका प्रकारच्या पुरुषत्वाला वरचे स्थान मिळते आणि बाकीचे प्रकार, तसेच स्त्रिया, दुय्यम ठरतात, हा विचार. तो उपयुक्त आहेच. परंतु त्याच चष्म्यातून दक्षिण आफ्रिकेतील खोसा समाजाकडे पाहिले, तर तिथले स्वतःचे निकष नजरेआड राहतात. म्हणून मी नवख्यांना आधी नेल्सन मंडेलांच्या आत्मचरित्रातील दीक्षाविधीची पाने वाचायला सांगते.

१९३४ मध्ये, सोळाव्या वर्षी, मंडेलांचा ‘उलवालुको’, म्हणजे सुंता करून मुलाला पुरुष मानण्याचा खोसा दीक्षाविधी, झाला. अंगाला पांढरी माती फासलेली मुले गावापासून दूर झोपड्यांत राहिली, अखेरीस त्या झोपड्या जाळल्या गेल्या आणि मंडेलांना दोन कालवडी व चार मेंढ्या भेट मिळाल्या. स्वतःचे घरदार आणि गुरेढोरे उभी करणे हे पुरुषाचे कर्तव्य मानणाऱ्या समाजात त्या भेटीला फार अर्थ होता. त्याच समारंभात मेलिग्किली या प्रमुखाने सांगितले की, जिंकल्या गेलेल्या लोकांना दिलेले पुरुषत्वाचे हे वचन पोकळ आहे. ही मुले शहरांत जातील आणि गोऱ्यांच्या खाणींत खोकत खोकत झिजतील. वसाहतवादाची इतकी नेमकी चिकित्सा विधीच्या आतूनच झाली होती, हे मला आजही विलक्षण वाटते.

मात्र ‘परंपरा’ म्हणून समोर येणारे सगळेच वसाहतपूर्व नसते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीच्या १८९१ च्या देशी कायदासंहितेने आफ्रिकी स्त्रियांना कायद्याने आजन्म अल्पवयीन ठरवले, कुटुंबप्रमुखाचे अधिकार पक्के केले आणि त्यालाच रूढीचे नाव दिले. (ब्रिटिशांनी बहाल केलेला ‘लढाऊ जमात’ हा शिक्का आपल्याकडेही अभिमानाने मिरवला जातो; मराठी विद्यार्थ्याला ही गुंतागुंत चटकन उमगावी.) उलट, समाजशास्त्रज्ञ टी. डनबार मूडी यांनी दक्षिण आफ्रिकेतील पोंडो समाजाच्या खाणकामगारांच्या केलेल्या अभ्यासात वृद्ध मंडळी माणसांना मदत करणे हेच पुरुषत्व असल्याचे सांगतात, आणि घर नीट चालवणाऱ्या स्त्रीच्या ठायीही ते मानतात. परंपरा एकसंध नसते, हा दक्षिण आफ्रिकी मानसशास्त्रज्ञ कोपानो रातेले यांचा आग्रह मला म्हणूनच मोलाचा वाटतो. या विधींत आजही तरुण दगावतात आणि त्यासाठी २०२१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, हेही अभ्यासातून वगळता कामा नये.

क्षेत्रकार्याला जाण्यापूर्वी खोसा भाषेची तोंडओळख तरी करून घ्यावी. विधीचा तपशील बाहेरच्यांना सांगायचा नसतो, तेव्हा तो खोदून विचारू नये. त्याऐवजी गुरे विकायचा निर्णय कोण घेतो, बैठकीत आधी कोण बोलतो, अडल्यानडल्याला कोणाला हाक मारतात, हे विचारावे. आणि ते घरातल्या वयस्कर स्त्रियांनाही तितक्याच आवर्जून विचारावे.