स्क्रॅपबुकचं पान सेव्ह करताना लेयर कसे जपायचे

डिजिटल स्क्रॅपबुकच्या एका पानात मागचा कागद, दोन-चार फोटो, फ्रेम, रिबिन, फुलं, शीर्षक, तारीख असं बरंच काही एकावर एक रचलेलं असतं. हे सगळं वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या सुट्या थरांवर, आहे तोवर फोटो बदलता येतो, रिबिन सरकवता येते, तारखेतली चूक सुधारता येते. पान फक्त जेपीजीत सेव्ह करून फाइल बंद केली की सगळं एकजीव होतं आणि पुन्हा सुटं करता येत नाही. एवढं बहुतेकांना माहीत असतं. गोची पुढे आहे. फाइलमध्ये लेयर राहिले म्हणजे ते एडिट करता येतीलच असं नाही, आणि फॉरमॅट निवडताना बघायचं असतं ते नेमकं हेच.

पायरी १ : काम सुरू करतानाच मूळ फाइल बनवा

कोरा कॅनव्हास उघडला की आधी सेव्ह करा, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करताय त्याच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये करा. फोटोशॉप आणि फोटोशॉप एलिमेंट्ससाठी पीएसडी, जिंपसाठी एक्ससीएफ, क्रिटासाठी केआरए, पेंट डॉट नेटसाठी पीडीएन. प्रोक्रिएट आणि अ‍ॅफिनिटी यांचेही आपापले फॉरमॅट आहेत. त्या सॉफ्टवेअरला जे जे करता येतं ते सगळं जसंच्या तसं फक्त त्याच्या स्वतःच्या फाइलमध्ये राहतं. जिंपमध्ये ‘सेव्ह’ म्हटलं की एक्ससीएफच मिळते, जेपीजीसाठी ‘एक्स्पोर्ट’मध्ये जावं लागतं. नव्या माणसाला हा जाच वाटतो, पण मला ही सक्ती आवडते. मूळ फाइल चुकून हातची जात नाही.

फाइल मोठी होते, त्याला इलाज नाही. १२ बाय १२ इंचांचं पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं होतं. पान पूर्ण व्यापणारा एकच लेयर कॉम्प्रेशनशिवाय साधारण ५२ एमबी भरतो. फुलापानांच्या लेयरमध्ये बराच भाग रिकामा असल्याने ते डिस्कवर पुष्कळ कमी जागा घेतात. पीएसडीची मर्यादा २ जीबी आणि एका बाजूला ३०,००० पिक्सेल आहे. समोरासमोरच्या दोन पानांची जोडी केली तरी रुंदी ७२०० पिक्सेलच भरते, त्यामुळे पीएसबीच्या, म्हणजे फोटोशॉपच्या खूप मोठ्या फाइलींसाठीच्या फॉरमॅटच्या, वाटेला जायची गरज क्वचितच पडते.

पायरी २ : पानात काय काय ‘जिवंत’ आहे ते बघा

फाइल दुसरीकडे न्यायची असेल तर आधी लेयरच्या यादीवरून नजर फिरवा. साधा फोटो किंवा पीएनजीतलं फूल कुठेही गेलं तरी त्याला फारसं काही होत नाही. जपायच्या गोष्टी चार : टाइप केलेला मजकूर, लेयर स्टाइलने (लेयरला लावलेल्या, नंतर बदलता येणाऱ्या इफेक्टने) दिलेली सावली, मास्क, म्हणजे लेयरचा काही भाग न पुसता झाकणारी सोय (फोटो फ्रेमच्या आकारात बसवणारा क्लिपिंग मास्कही त्यात आला) आणि स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे मूळ चित्र आत जसंच्या तसं जपणारा लेयर.

फोटोशॉपच्या लेयर पॅनलमध्ये मजकुराच्या लेयरवर ‘टी’ अक्षर दिसतं. तीच पीएसडी दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की पुष्कळदा तिथे शब्दांचं नुसतं चित्र येतं. शीर्षक दिसतं, हलवताही येतं, पण त्यातली वेलांटी बदलायला गेलात तर कर्सरच येत नाही. सावलीचंही तसंच. कधी ती गायब होते, कधी लेयरला कायमची चिकटते. मग रिबिन थोडी फिरवली की सावलीही सोबत फिरते, आणि उजेड एकाच पानावर दोन दिशांनी पडल्यासारखा दिसतो.

पायरी ३ : फाइल पुढे कोण उघडणार ते ठरवा

फक्त तुम्हीच, त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणार असाल तर पायरी १ पुरेशी आहे.

दुसऱ्या कुणाला टेम्पलेट द्यायचं असेल तर पीएसडी द्या. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आले आणि तेव्हापासून ही फाइल इतकी पसरली की आज जिंप, क्रिटा, अ‍ॅफिनिटी, फोटोपी हे सगळेच ती उघडतात. फोटोशॉपमधून सेव्ह करताना ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू ठेवा. त्याने फाइल फुगते, पण ते बंद असेल तर काही ठिकाणी पानाऐवजी नुसती सूचना दिसते.

टिफबद्दल गैरसमज फार आहे. फोटोशॉप टिफमध्ये लेयर ठेवतं हे खरं, पण बहुतेक इतर सॉफ्टवेअरला त्यातलं सपाट चित्रच दिसतं. शिवाय सेव्हच्या खिडकीत ‘डिस्कार्ड लेयर्स अँड सेव्ह अ कॉपी’ असाही पर्याय असतो. घाईत त्यावर टिचकी पडली तर त्या फाइलमध्ये लेयर नसतात. नावापुढे टिफ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका.

समोरचा काय वापरतो याचा पत्ताच नसेल तर पीएसडीसोबत प्रत्येक लेयरची वेगळी पीएनजी द्या. पीएनजीत लेयर नसतात, पण पारदर्शकता टिकते आणि दर्जा घटत नाही. एक युक्ती मात्र पाळा. कडेची रिकामी जागा कापू नका, प्रत्येक पीएनजी पूर्ण पानाच्या मापाचीच ठेवा आणि नावाआधी ०१, ०२ असे आकडे घाला. मग त्या एकावर एक टाकल्या की प्रत्येक वस्तू आपोआप जागेवर बसते.

जिंप आणि क्रिटा यांच्यात फाइल फिरवायला ओपनरास्टर, म्हणजे ओआरए, हाही बरा पर्याय आहे. ही आतून झिप फाइल असते. कॉपी करून नावाचा शेवट झिप असा बदला आणि उघडा, आत लेयरच्या पीएनजी सुट्या सापडतात. मजकूर त्यातही चित्र होऊनच येतो.

पायरी ४ : मजकूर आणि सावलीची सोय करा

देण्यासाठीच्या प्रतीत सावलीचा वेगळा लेयर करा. फोटोशॉपमध्ये लेयर स्टाइलवर राइट क्लिक करून ‘क्रिएट लेयर’ म्हटलं की सावली सुटी होते. हे मूळ फाइलवर करू नका, तिथे स्टाइल तशीच राहू द्या. मजकुराच्या लेयरच्या नावात फॉन्ट आणि आकार लिहा, म्हणजे चित्र झालं तरी पुन्हा टाइप करता येतं.

पायरी ५ : उघडून बघा

फाइल बंद करा आणि जिथे जाणार तिथेच उघडा. शीर्षकात एक अक्षर बदला (ते चित्र झालं असेल तर पुन्हा टाइप करून बघा), एक फोटो लपवा, एक सावली हलवा. तिन्ही जमलं तर फाइल पाठवा.

छपाईसाठी जेपीजी काढायची ती यानंतर, आणि प्रत्येक वेळी मूळ फाइलवरून. जेपीजीच उघडून दुरुस्त केली आणि पुन्हा जेपीजीत सेव्ह केली तर दर वेळी थोडा तपशील झिजतो.