जुनी आरएक्स १०० घेताय? या चुका टाळा

यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये बंद झाली. म्हणजे आज बाजारात दिसणारी सगळ्यात नवी आरएक्स १००सुद्धा तीस वर्षांच्या घरात आहे. तरीही पुण्यात, कोल्हापुरात चांगल्या गाडीला लाखाच्या पुढे किंमत सांगतात आणि ती देणारेही भेटतात. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि शंभर किलोच्या आसपास वजन. ही गाडी कशी उचलते, हे एकदा चालवलेल्याला सांगावं लागत नाही. ओढ खरी आहे. पण त्या ओढीत माणसं कामाचा क्रम उलटा करतात. आधी रंग बघतात, मग आवाज, मग इंजिन, आणि कागद सगळ्यात शेवटी, पैसे देऊन झाल्यावर. पैसे बुडतात ते बहुतेक वेळा यामुळेच.

कागद आधी, किक नंतर

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून तिचं नूतनीकरण करावं लागतं. याला आपण सगळे ‘पासिंग’ म्हणतो. हिशेब सोपा आहे. १९९० ची गाडी असेल तर २००५, २०१०, २०१५, २०२० आणि २०२५ अशी पाच पासिंगं झालेली असायला हवीत. शिवाय महाराष्ट्रात जुन्या गाडीला पर्यावरण कर भरावा लागतो, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावून घ्यावी लागते. विक्रेता म्हणतो, “पासिंग संपलंय, पण दोन दिवसांचं काम आहे, तुम्ही करून घ्या.” दोन दिवसांचं काम असतं तर त्यानंच करून घेऊन गाडी जास्त किमतीला विकली असती. थकलेला कर आणि दंड किती होतो ते आरटीओत विचारा आणि तो आकडा गाडीच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करा.

टोकन देण्याआधी गाडीचा नंबर सरकारच्या ‘वाहन’ प्रणालीवर तपासा. १९८९ च्या आधीच्या गाड्यांना एमएच आणि जिल्ह्याचा आकडा नसतो, त्यांचे नंबर जुन्या पद्धतीचे, तीन अक्षरांचे असतात. अशा बऱ्याच गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही. त्यासाठी मूळ आरटीओत जुन्या रजिस्टरवरून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. गाडी नागपूरला नोंदलेली आणि तुम्ही रत्नागिरीत असाल तर हे किती हेलपाट्यांचं काम आहे, याचा विचार आधीच करा. बॅकलॉगचं काम विक्रेत्यानं करून द्यावं आणि उरलेले पैसे त्यानंतर घ्यावेत, असं सरळ ठरवून घ्या.

सर्वांत जास्त व्यवहार अडकतात ते मालकाच्या नावावर. पुस्तकावर (आरसी बुक) ज्यांचं नाव आहे ते वारलेले असतात, गाडी त्यांचा पुतण्या विकत असतो आणि मुलांना पत्ताही नसतो. अशा वेळी आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर व्हायला हवी, त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती हवी, आणि मगच फॉर्म २९ व ३० वर ती तुमच्या नावावर येते. सही केलेले कोरे फॉर्म हातात देऊन “नाव नंतर चढवा” म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, लागते. पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ लागतो, मग ते कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलेलं का असेना.

आता चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा नंबर. तो हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. चिंधीला थोडं रॉकेल लावून तिथला मळ पुसा आणि उजेडात बघा. सगळे आकडे एकाच ओळीत, एकाच खोलीचे आहेत का? आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याची चीर आहे का? बाकी चासीचा रंग जुना आणि तेवढाच भाग ताजा रंगवलेला आहे का? भंगारात गेलेल्या गाडीचं पुस्तक ठेवायचं आणि तिचा नंबर दुसऱ्या चासीवर ठोकायचा, हा धंदा जुनाच आहे. आरएक्सची किंमत वाढली तशी चोरीही वाढली, आणि चोरीची गाडी सापडली तर गाडीही जाते, पैसेही जातात, वर पोलीस ठाण्याच्या चकरा येतात. इंजिन नंबरही पुस्तकाशी ताडून बघा. आरएक्स १०० च्या चासीत आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या भरपूर फिरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल पुस्तकावर चढलेला नसेल तर पासिंगला गाडी अडते.

कागद नसलेली गाडी कितीही टकाटक असली तरी ती रस्त्यावर आणायच्या हेतूनं घेऊ नका. माझं मत याबाबत ठाम आहे.

गरम इंजिनावर भाळू नका

गाडी बघायला जाताना “मी येईपर्यंत चालू करू नका” असं आधीच सांगा आणि गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. कोमट लागलं तर काहीतरी झाकलं जातंय. गार इंजिन चोक ओढून दोन-तीन किकमध्ये उठलं पाहिजे.

सुरुवातीचा धूर टू-स्ट्रोकमध्ये येणारच, त्याला घाबरू नका. इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइलची पातळी उतरत असेल, तर क्लच बाजूचं क्रँकचं (पिस्टनच्या हालचालीनं फिरणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअरचं तेल ओढून जाळतंय. याच्या उलट, गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनाचे फेरे) आपोआप चढत जात असेल, तर कुठून तरी जादा हवा आत येतेय. मॅग्नेट (वीज तयार करणारं फिरतं चाक) बाजूचं सील, कार्बोरेटरचं रबर, नाहीतर ब्लॉकखालचं, म्हणजे सिलिंडरखालचं, पॅकिंग. पहिल्या दुखण्यात गाडी निदान दिसेल असा धूर तरी सोडते. दुसऱ्यात गाडी आणखी चपळ वाटते, म्हणून लोक खूश होतात, आणि तीच पुढे घाटात पिस्टन धरते, म्हणजे पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो.

विक्रेता तयार असेल तर मॅग्नेटचं कव्हर काढून मॅग्नेट हातानं वर-खाली हलवून बघा. खेळ जाणवला तर क्रँकच्या बेअरिंगा गेल्या. मग प्लग काढून मॅग्नेट हळूच पुढे-मागे फिरवा. पिस्टन हलायच्या आधी मोकळा खेळ लागत असेल तर कनेक्टिंग रॉडकडे खर्च आहे. एवढ्यानं गाडी नाकारायची गरज नाही, किंमत मात्र त्या हिशेबानं द्यायची.

इंजिनाच्या कामातल्या चुका

पहिली चूक म्हणजे पिस्टन हातात नसताना ब्लॉक बोअरला, म्हणजे आतून कापून मोठा करायला, देणं. आरएक्सचा मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकचा आतला व्यास, ५० मिमी. पुढचे पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमी असे ओव्हरसाइझ मिळतात. लेथवाल्याकडे ब्लॉक आणि नवा पिस्टन एकत्रच द्या. पिस्टन आणि ब्लॉकमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते, आणि ती त्याच पिस्टनला मोजून ठेवायची असते. फट कमी राहिली तर पिस्टन धरतो, जास्त झाली तर महिनाभरात टकटक सुरू होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरासारख्या ठिकाणी हे काम मायक्रोमीटर लावून करणारे कारागीर आहेत. अंदाजपंचे काम करणाऱ्यापेक्षा त्यांच्याकडे जायचे दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

बोअर झाल्यावर ब्लॉकमधल्या पोर्टच्या (मिश्रण आणि धूर जायच्या खिडक्यांच्या) कडा धारदार होतात. त्या बारीक घासून बोथट केल्या नाहीत तर रिंगा अडकून तुटतात. नेमकं हेच काम विसरलं जातं. ब्लॉक घरी आणला की पोर्टच्या कडेवरून बोट फिरवा, धार लागली तर परत न्या. बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनवर, आणि गजनपिनच्या (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) लॉका नव्याच. जुनी लॉक परत वापरून वाचणारे दहा रुपये सगळा ब्लॉक खाऊ शकतात.

दुसरी चूक अर्ध्या कामाची. वरचं ब्लॉक-पिस्टन नवं आणि खालची सीलं, बेअरिंगा तीस वर्षांपूर्वीच्या. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जातं, त्यामुळे खालचं सील हा त्या वाटेचाच भाग आहे. सील गळकं असलं की मिश्रणात हवा जास्त होते, पिस्टन तापतो आणि नवा बोअर ओरखडतो. मग दोष पिस्टनच्या कंपनीला, नाहीतर बिचाऱ्या लेथवाल्याला. इंजिन खोललंच आहे तर दोन्ही क्रँक सीलं बदला, रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या झडपेच्या) पात्यांची टोकं तडकलीत का ते उजेडासमोर धरून बघा आणि सगळं जोडल्यावर गळती तपासा. कार्बोरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, हातपंपानं साधारण ६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची आणि काटा बघायचा. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. हवा याहून फार जास्त भरू नका, सीलंच बाहेर येतील. अर्ध्या तासाचं हे काम फार थोड्या गॅरेजांत होतं. तुम्ही आग्रह धरा.

तिसरी चूक तेलाची. कंपनीनं या गाडीला टू-टी ऑइलची (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणाऱ्या तेलाची) वेगळी टाकी आणि पंप दिला होता. अनेक गाड्यांचा पंप कधीतरी कुणीतरी काढून टाकलेला असतो, आणि नवा मालक टाकीत तेल भरून निर्धास्त राहतो. गाडी ताब्यात आली की त्या दिवशीच पंप जोडलेला आहे का ते बघा. नसेल तर पेट्रोलमध्येच तेल मिसळा, लिटरला २५ मिली म्हणजे १:४०. नव्या बोअरला सुरुवातीला ३० मिलीपर्यंत चालतं. “नवीन काम आहे, दुप्पट तेल घाला” हा सल्ला ऐकू नका. तेल वाढलं की कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) पेट्रोल तेवढं कमी जातं, मिश्रण हलकं होतं, म्हणजे त्यात हवा जास्त होते, आणि इंजिन उलट जास्त तापतं.

सायलेन्सर कापू नका

आवाजासाठी बॅफल (सायलेन्सरमधली आवाज दाबणारी नळी) काढणं, सायलेन्सर कापणं हे आरएक्सच्या नशिबी फार आलं. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर नुसता धूर बाहेर टाकायला नसतो. त्याच्या आतल्या आकारामुळे दाबाची एक लाट परत फिरते आणि पोर्टमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. तो आकार बिघडला की आवाज वाढतो आणि खालच्या वेगात ओढ जाते. दंड होतो तो वेगळाच. गाडी वर ओढत नसेल, गुदमरत असेल, तर आधी बॅफल काढून कार्बन साफ करा. सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवला की कार्बन सुटतो. हातमोजे, चष्मा लावा आणि त्या पाण्यात ब्लॉक, हेड, पिस्टन असं ॲल्युमिनियमचं काहीही चुकूनसुद्धा घालू नका, सोडा ते खाऊन टाकतो.

रंग शेवटी, आणि तोही जपून

चासी ब्लास्टिंग करून (वाळूच्या माऱ्यानं जुना रंग काढून) पावडर कोटिंग, म्हणजे पावडर भाजून चढवलेला रंग, करायची सध्या पद्धत आहे. काम टिकाऊ होतं, पण देण्याआधी चार गोष्टी लिहून द्या. चासी नंबरवर ब्लास्टिंग नको आणि जाड थरही नको. नंबर बुजला तर पासिंगच्या वेळी तुमचीच खरी गाडी संशयाखाली येते. हँडलच्या बेअरिंग कपांत आणि आट्यांत पावडर जाऊ देऊ नका. वायरिंगची अर्थिंगची वायर जिथे चासीला लागते ती जागा कोरी ठेवा. कोटिंगमधून वीज जात नाही, आणि मग “नवं वायरिंग टाकलं तरी हॉर्न दिला की लाइट मंद होतो” अशी तक्रार घेऊन लोक महिनोन्‌महिने फिरतात. इंजिनाची केसिंग ब्लास्टिंगला दिलीत तर परत आल्यावर गरम साबणपाण्यानं आणि हवेच्या दाबानं दोन-तीनदा साफ करा. वाळूचा एक कण नव्या बेअरिंगला पुरेसा असतो.

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचे फोटो काढा, नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत नाव लिहून ठेवा. जुना सुटा भाग दुकानात देऊन बदल्यात नवा घेऊ नका. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आरएक्सचे बरेच भाग मिळतात, पण त्यात नक्कल पुष्कळ. थोडा झिजलेला मूळ गिअर, मूळ मडगार्ड, मूळ कार्बोरेटर हे चकचकीत नकलेपेक्षा चांगले. मडगार्डचा मूळ क्रोम थोडा डागाळलेला असला तरी तो ठेवावा असं मला मनापासून वाटतं. ब्रेक शू, केबली, टायर आणि चेनसेट मात्र नवेच घ्या, तिथे जुन्याचं कौतुक नको.

टाकी, पेट्रोल आणि पहिले ५०० किलोमीटर

टाकीत टॉर्च मारून गंज बघा. गंज धुऊन काढल्याशिवाय कार्बोरेटर साफ करणं म्हणजे पुढच्या आठवड्यात परत तेच काम. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत, म्हणून पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरची नीडल इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडं हलकं होतं, त्यामुळे मेन जेट एक नंबर मोठा लागू शकतो.

ते ठरवायचं प्लग बघून. नवा बोअर बसल्यावर पहिले ५०० किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, वेग बदलत चालवा. एकाच वेगात हायवेला ताणू नका, उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गाडी लांबवर सोडू नका, कारण थ्रॉटल बंद असताना इंजिनाला तेलही कमी पोहोचतं. पन्नासेक किलोमीटर झाले की इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे नट तिरप्या, समोरासमोरच्या क्रमानं परत आवळा. मग वीसेक किलोमीटर नेहमीसारखी चालवून, इंजिन एकदम बंद करून प्लग काढा. तपकिरी दिसला तर जेट बरोबर आहे, काळा ओला असेल तर एक नंबर लहान लावा. पांढरा दिसला तर गाडी घरापर्यंतसुद्धा जोरात नेऊ नका. आधी मोठा जेट लावा, आणि त्यानंही फरक पडला नाही तर पुन्हा हवेची गळती शोधा.