पणजीत एकटं फिरायचं तर भुकेच्या वेळा पाळा

आपल्याकडच्या किनाऱ्यावर एकट्या माणसाला पणजीइतकं सोयीचं शहर दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. अटी दोनच. स्कूटर भाड्याने घ्यायची नाही आणि जेवणाच्या वेळा चुकवायच्या नाहीत. पहिली अट कळते तरी. स्कूटर हातात आली की माणूस कळंगुटला पळतो आणि पणजी राहून जाते. दुसऱ्या अटीकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात, मग दुपारी साडेतीनला ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावर बंद शटर बघत बिस्किटं खातात.

इथे प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. भाजी-पाव सकाळचा. माशांची थाळी साडेबारा ते अडीच, फार तर तीन. नंतर खानावळ झोपते, दुकानंही झोपतात. रस ऑम्लेटचे गाडे दिवे लागल्यावर उभे राहतात. तेव्हा आधी ठिकाणांची यादी करून मधल्या जागेत जेवण कोंबायचं नाही. आधी जेवणं पक्की करायची, चालणं आपोआप मध्ये बसतं.

मुक्काम चर्च चौकाच्या आसपास किंवा सांतोमे, फोंतेन्यस भागात करा. मिरामारला हॉटेलं आहेत, पण सकाळच्या भाजीपर्यंत तीनेक किलोमीटर चालत यावं लागतं. कोल्हापूर, बेळगावकडून येणारी एसटी किंवा कदंबा, म्हणजे गोव्याची सरकारी बस, पाटोच्या स्टँडवर सोडते. तिथून ओरेम खाडी ओलांडली की समोर फोंतेन्यस, रिक्षा करायचं कारणच नाही. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्टेशन जवळचं, पणजीपासून दहा-बारा किलोमीटर. तिथे रात्री उतरायचं असेल तर मुक्कामाच्या ठिकाणाला आधीच गाडी सांगून ठेवा. बाईमाणसाने तर नक्कीच.

पहिलं चालणं उपाशीपोटी करायचं आणि चढाचं करायचं. सहा-साडेसहाला फोंतेन्यसला लागून असलेल्या मळा या वस्तीतून निघून आल्तिनोच्या टेकडीवर जा. वाटेत मारुतीचं देऊळ लागतं, लाल-केशरी, पायऱ्या चढून वर गेलं की खाली मळ्याची कौलं दिसतात. वर गर्द झाडी, बिशपांचा वाडा, जुन्या लिसेवच्या, म्हणजे पोर्तुगीजकालीन शाळेच्या, इमारती आणि फिरायला आलेले निवृत्त पणजीकर. कुणी बघून हसलं तर आपणही हसायचं, पुढची गल्ली कुठे उतरते ते विचारायचं. उतरताना चर्चच्या बाजूने या. इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या त्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्या सगळ्यांनी फोटोत पाहिलेल्या असतात. वरच्या घंटेची गोष्ट मात्र कमी जणांना ठाऊक असते. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन पंथीयांच्या पडक्या चर्चमधली आहे. राजधानी तिथून पणजीला हलली आणि पुढे घंटाही आली.

आता भाजी. मुंबईची पावभाजी डोक्यातून काढून टाका. इथे भाजी म्हणजे वाटीत येणारी पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, कधी चण्याची, कधी अळसांद्यांची, म्हणजे चवळीसारख्या कडधान्याची. ठरत नसेल तर ‘मिक्स’ म्हणा, पातळ आणि सुकी एकत्र येते. सोबत पाव. मऊ पावावर समाधान मानू नका, कोंड्याची पोई आहे का विचारा, नसेल तर कडक उंडे. त्यावर मिरची भजी, शेवटी केळ्याचा गोडसर बन्स आणि चहा. तातो आणि भोसले ही दोन नावं कुणीही सांगेल, आणि दोन्हीकडे जाण्यात काही कमीपणा नाही. पणजीकर स्वतः तिथे जातात हे पुरेसं आहे.

एकटं असण्याचा खरा फायदा इथे कळतो. चौघांचं कुटुंब दारात रिकाम्या टेबलाची वाट बघत उभं असतं. तुम्ही सरळ आत जायचं, तिघे बसलेल्या टेबलापाशी थांबायचं आणि चौथ्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारायचं, ‘बसू?’ नाही कुणी म्हणत नाही. पोऱ्या तर खूष होतो, त्याची खुर्ची रिकामी राहत नाही. टेबल वाटून घेताना फोन खिशात ठेवा. समोरचे काका पेपर वाचत असतील तर त्यांना वाचू द्या, पण ते काय खातायत ते बघा. मेनूकार्डापेक्षा शेजाऱ्याच्या ताटावर माझा जास्त विश्वास आहे. फक्त रविवारी अंदाज घेऊन निघा, त्या दिवशी शहराचा बराच भाग बंद असतो.

नाश्ता लवकर आटोपला तर फोंतेन्यस नऊच्या आत बघून होतं. नंतर फोटोवाल्यांची जत्रा भरते. निळ्या-पिवळ्या भिंतींची घरं सुंदर आहेत यात शंका नाही, पण त्यांत माणसं राहतात. कुणाच्या उंबऱ्यावर बसून पोझ देणं, खिडकीतून आत कॅमेरा धरणं याला तिथले लोक इतके कंटाळलेत की काही घरांवर पाट्या लागल्या आहेत. एकट्या माणसाने गल्लीतून सावकाश चालावं, बस्स. सेंट सेबॅस्टियनचं छोटं चॅपल उघडं असेल तर आत जा. तिथल्या क्रुसावरच्या येशूचे डोळे उघडे आहेत आणि मान ताठ आहे, असं सहसा दिसत नाही. हा क्रूस आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता. ज्यांची चौकशी व्हायची त्यांच्या समोर तो असायचा, हे माहीत असलं की ते उघडे डोळे जरा वेगळेच वाटतात.

दहाच्या सुमाराला मासळी बाजारात एक चक्कर टाका. विकत काही घ्यायचं नसतं, दुपारी काय मागायचं ते ठरवायचं असतं. बांगडे, तारले रोजचेच. इसवण म्हणजे आपली सुरमई. मुडदुशी दिसली तर लक्षात ठेवा, नाजूक असते आणि तळून छान लागते. चणक मोठा आणि पांढऱ्या मांसाचा, काट्यांची भीती वाटणाऱ्यांसाठी उत्तम. वाट्यावर तिसऱ्या, शिणाणे असे शिंपल्यांचे प्रकार मांडलेले असतात. मासेवालीसमोर उगाच रेंगाळू नका, तिचा धंद्याचा वेळ असतो. ‘आज कितें बरें आसा?’ एवढं विचारलं तरी उत्तर मिळतं, आणि ते मराठीतही मिळतं.

साडेबाराला थाळीच्या जागी हजर व्हा. एकच्या पुढे ऑफिसं सुटतात, नामांकित ठिकाणी जिन्यापर्यंत रांग जाते. थाळीत भात, हुमण म्हणजे नारळाची आंबट-तिखट कढी, तिसऱ्यांचं सुकं, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, एखादी भाजी, लोणचं, सोलकढी आणि तळलेल्या माशाचा तुकडा असतो. भात आणि हुमण बहुतेक ठिकाणी परत वाढतात, तळलेला मासा परत येत नाही. वेगळा मासा मागवणार असाल तर भाव आधी विचारा. चणक आणि पापलेट आकारावर विकतात आणि बिल बघून तोंडाची चव जाते. माझा नेम बांगड्याचा आहे. स्वस्त, ताजा आणि तेफळ (तिरफळ) घातलेल्या हुमणात त्याला तोड नाही. काटे काढायला हात बरबटतात, पण एकटं जेवताना बघतंय कोण? सोलकढी भातावर ओतून संपवू नका, शेवटी पिण्यापुरती वाटीत ठेवा.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण थाळी मागताना ‘कढीसुद्धा शाकाहारी’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘मासा नको’ म्हटलं तर तळलेला तुकडा तेवढा वगळतात, हुमण आणि किसमूर तशीच ताटात येतात.

दुपारी अडीच ते साडेचार उन्हात फिरणं वेडेपणा आहे. झोपा. झोप येत नसेल तर पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय गाठा. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था आता मोठ्या नव्या इमारतीत आहे, आणि तिथे मराठीही भरपूर आहे. आझाद मैदानाजवळ मेनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात निळ्या-पांढऱ्या टाइल्सची चित्रं आहेत. जोर्जे कोलासो या पोर्तुगीज कलाकाराची ही १९३५ मधली कामं. आत सावली असते आणि बसून बघता येतं.

पाचला नदीकाठ धरा. जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, खाली कोसळणाऱ्या बाईवर हात पसरून उभा असलेला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री संमोहनाच्या आद्य अभ्यासकांपैकी एक. शिल्प रामचंद्र पांडुरंग कामत यांचं, १९४५ चं. तिथून मांडवी उजव्या हाताला ठेवून पश्चिमेला चालत राहा. सुरुवातीला कॅसिनोवाले हातात कागद कोंबतील, मान हलवायची आणि थांबायचं नाही. थांबलात की पॅकेज समजावून सांगतात. पुढे कांपालची मोठी झाडं, बाग, चार्ल्स कोरियांनी आखलेली कला अकादमी, आणि शेवटी मिरामारचा किनारा. तिथेच गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी आहे. सगळं मिळून तासाभराचं चालणं. परत यायला बस मिळते, पायांवर उगाच अत्याचार नको.

चालायचा कंटाळा आला तर बेतीची फेरीबोट. पायी माणसाला पैसे पडत नाहीत. पलीकडे जायचं, चहा प्यायचा, पुढच्या बोटीने परत. १९८६ मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा या बोटींनीच शहर चालतं ठेवलं. आता मांडवीवरच्या अटल सेतूवरून गाड्या धावतात आणि ही बोट शांतपणे आपली खेप करते.

रात्री गाडा. रस ऑम्लेट म्हणजे ऑम्लेटवर शागोतीचा, म्हणजे गोव्याच्या मटण-कोंबडीच्या रश्शाचा, दाट मसालेदार रस, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू आणि पाव. रस आधी चाखून बघायला मागा, काही गाड्यांवर नुसतं तिखट असतं. जिथे स्कूटरवाले घरी न्यायला डबे घेऊन थांबलेत तो गाडा निवडा. एकट्या बाईने आठच्या आसपास खाऊन घ्यावं, धोका म्हणून नव्हे, तर नऊ-साडेनऊनंतर आतले रस्ते एकदम सामसूम होतात आणि सोबत चालणारं कुणी उरत नाही. उजेडाचा १८ जून रस्ता धरूनच मुक्कामी या.

पावसाळ्यात जाणार असाल तर हिशोब थोडा बदलतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे थाळीतली इसवण बहुधा बर्फातली. त्या दिवसांत खाडीतली मासळी, खुबे आणि सुकी मासळी मागा, किसमुरीचा खरा मोसम तोच. नदीकाठी छत्री उलटी होते, रेनकोट न्या. आल्तिनोच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेव्हा रबरी तळाच्या सपाता मुक्कामी ठेवा आणि पकड असलेल्या सँडल घाला.