'री' लागलेला इंग्रजी शब्द कसा फोडावा

भाचीच्या वहीत शब्दार्थ लिहिलेले होते. रीराइट – पुन्हा लिहिणे, रीओपन – पुन्हा उघडणे, आणि त्याच चालीवर रिफंड – पुन्हा पैसे देणे. हा शेवटचा अर्थ वाचून एखादा दुकानदार खूश झाला असता. "पण आर-ई म्हणजे पुन्हाच ना मामा?" तिचं निम्मं बरोबर होतं.

लॅटिनमधून आलेल्या या उपसर्गाचे अर्थ दोन: 'पुन्हा' आणि 'मागे'. मराठीत ही दोन्ही कामं एकच शब्द करतो. 'परत सांग' म्हणजे पुन्हा सांग, आणि 'पुस्तक परत दे' म्हणजे ज्याचं त्याला दे. म्हणून आधी वहीतलं 'पुन्हा' खोडा आणि तिथे 'परत' लिहा.

मग सुरुवातीच्या आर-ई या दोन अक्षरांवर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा. रीफिलमधून फिल उरतं, रिचार्जमधून चार्ज. रेडमधून नुसता डी उरतो, म्हणजे तिथे उपसर्ग नाही. पण रीड, म्हणजे वाचणे, फसवतो. त्यातून 'अॅड' (ए-डी, जाहिरात) हा अख्खा शब्द निघतो. आता त्याला 'परत' जोडून बघा: 'परत जाहिरात'! वाचण्याशी काही अर्थ लागत नाही, तेव्हा सोडून द्या.

अर्थ लागला, की दोनांपैकी कोणतं 'परत' ते ठरवा. रीप्रिंट, रीमिक्स, रीबिल्ड यांत काम पुन्हा होतं. रिटर्न, रिअॅक्शन यांत काहीतरी उलट येतं. रिफंडच्या मुळाशी लॅटिनमधलं 'ओतणे' हे क्रियापद आहे. ओतलेलं मागे ओतायचं, म्हणून पैसे परत.

काही शब्द मात्र बोट ठेवून उलगडत नाहीत, कारण उरलेला तुकडा इंग्रजीत एकटा त्या अर्थाने चालत नाही. रिस्पेक्टमध्ये 'पाहणे' आहे: मागे वळून पाहावं असं माणूस. रिपेअरमध्ये 'तयार करणे'. माझा सगळ्यात लाडका रिहर्सल. जुन्या फ्रेंचमध्ये 'हर्स' म्हणजे शेतातला दातेरी कुळव, आणि रिहर्स म्हणजे त्याच रानात कुळवाची परत पाळी घालणं. ढेकळं फुटेपर्यंत. नाटकाच्या तालमीत तिसऱ्यांदा तेच वाक्य म्हणायला लावणाऱ्या दिग्दर्शकाला हे सांगून बघा. अर्थात प्रत्येक शब्दाच्या मुळाशी जाऊ नका, नाहीतर धडा तसाच राहील.

उच्चाराकडे लक्ष द्या. इथे आपलं ऱ्हस्व-दीर्घ कामाला येतं. रिझाइन म्हणजे राजीनामा, आणि री-साइन म्हणजे करारावर परत सही. एक खेळाडू जातोय, दुसरा राहतोय. इंग्रजीत लिहिताना फरक फक्त मधल्या आडव्या रेघेचा. तसंच आजारातून रिकव्हर होतात आणि फाटलेला सोफा री-कव्हर करतात. 'पुन्हा' हा अर्थ ठसठशीत असेल तिथे री लांब आणि रेघ सोयीची.

आता स्वतः शब्द बनवायचा असेल तर एवढं पाहा, की त्या कामाने काही घडतं का आणि ते परत घडवता येतं का. भाकरी रीहीट होते, री-ईट होत नाही.

शेवटी डबल 'परत' काढून टाका. 'रिटर्न बॅक', 'रिप्लाय बॅक' यांतलं बॅक फुकटचं आहे. 'रिपीट अगेन' तिसऱ्यांदा सांगत असाल तर चालेल. आणि ऑफिसातलं 'प्लीज रिव्हर्ट'? भारतात त्याचा अर्थ उत्तर द्या असाच घेतात, पण मुळात रिव्हर्ट म्हणजे पूर्वीच्या स्थितीला जाणं. परदेशातल्या माणसाला मेल असेल तर सरळ रिप्लाय लिहा.

भाचीने रिफंडपुढचं खोडून 'पैसे परत' लिहिलं, आणि मग रिमोटमधून 'मोट' काढून माझ्याकडे बघत बसली.